सभेतले नऊ कप

गावकचेरीचा केर मावशीनं तेवीस वर्षं काढला आणि चोविसाव्या वर्षी ती त्याच कचेरीत सभासद म्हणून निवडून आली.

झालं असं, की ओढ्यापलीकडच्या वस्तीतल्या एका बाईसाठी सभेत एक जागा राखून ठेवायची, असा कायदा आला. गावातल्या शहाण्या माणसांनी डोकी एकत्र केली. बसायला सांगितलं तर बसेल, उठायला सांगितलं तर उठेल आणि मधे तोंड उघडणार नाही, अशी बाई कोण? मावशी! तेवीस वर्षांत त्या दालनात तिनं "पाय जरा वर घ्या" याखेरीज दुसरं वाक्य उच्चारलेलं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. वस्तीतल्या बायकांनी वेगळाच विचार केला. त्या बंद दाराआड काय चालतं हे पाहिलेली आपल्यातली एकच बाई आहे, आणि ती मावशी. दोघांनीही आपापल्या परीनं हुशारी केली आणि मावशी दणदणीत मतांनी आली.

सभासद झाल्यावर केर काढायची नोकरी सोडावी लागते, म्हणून तिनं ती सोडली. तिच्या जागी नवा माणूस नेमायचा कागद कचेरीतच कुठल्या तरी फडताळात झोपला होता. त्यामुळे झालं एवढंच, की मावशी आधी पगारी झाडायची ती आता फुकट झाडू लागली. सभेच्या दिवशी सगळ्यांच्या आधी तासभर यायचं, खिडक्या उघडायच्या, केर काढायचा, टेबल पुसायचं, आणि मग हात धुऊन दाराजवळच्या खुर्चीत सभासद म्हणून बसायचं.

"तुम्ही सभासद आहात की झाडणारी?" सूनबाई विचारायची.

"धूळ दिसते गं," मावशी म्हणायची. "दिसली की हात जातो."

हा हात जाण्याचा गुण पुढे महागात पडला.

पहिल्या चार सभा मावशी गप्प बसली. कोण काय बोलतो, कोण कोणाकडे बघून हात वर करतो, हे तिनं नीट पाहून ठेवलं. सभेत एकंदर नऊ जण. सभापती पिठाच्या गिरणीचे मालक, देहानं भरघोस, स्वभावानं गोड, आणि आपलं तेच खरं करण्यात पटाईत. त्यांचा चुलतभाऊ आणि त्याचा मेहुणा हे दोघं सभापतींचा हात वर गेला की आपला वर करत. सभापतींनी जांभई द्यायला हात वर नेला तरी यांचे दोन हात निम्म्यावर पोचलेले असत. मग निवृत्त मास्तर, शिस्तीचे आणि कडक. कुंभार, गवळी आणि एसटी चालवून निवृत्त झालेला ड्रायव्हर, हे तिघं आपापलं डोकं वापरणारे. शिवणकाम करणारी ताई, आणि नववी मावशी. चिटणीस वेगळा, तो मत देत नसे, फक्त दाराएवढ्या मोठ्या वहीत सगळं लिहीत असे. त्याला पित्त होतं म्हणून तो चहाही घेत नसे.

पाचव्या सभेत मावशीनं आपला विषय आणला, आणि त्याला कारण सूनबाईचे पाय.

सूनबाईला सातवा महिना होता. मुलगा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. दर मंगळवारी तपासणीची गाडी गावात यायची, नर्सबाई, औषधं, यंत्रं सगळं घेऊन. ती यायची वस्तीवरूनच. वस्तीच्या तोंडाशी जो पूल आहे तो ओलांडायची आणि न थांबता वर चौकात जायची, सभापतींच्या गिरणीसमोर. वस्तीतल्या बायकांनी आपल्या दारावरून गेलेल्या गाडीच्या मागे पाऊण तासाची चढण चढून जायचं आणि रांगेत शेवटी उभं राहायचं. गेल्या महिन्यात सूनबाई अर्ध्या चढणीवर दगडावर बसली ती उठेचना. परत जाणाऱ्या गाडीतून नर्सबाईनं तिला पाहिलं, गाडी थांबवली, रस्त्यातच तपासलं आणि तोंड गंभीर केलं. पाय सुजलेत, रक्तदाब वाढलाय. आता दर मंगळवारी तपासणी झालीच पाहिजे आणि ही चढण अजिबात चढायची नाही.

"मग तपासणी व्हायची कशी?" मावशीनं विचारलं.

"मी पुलाशी थांबेन की. मला काय जड आहे? पण गाडी कुठं थांबायची ते तुमची कचेरी ठरवते. मला कागद लागतो." आणि गाडीत चढता चढता नर्सबाई म्हणाली, "मावशी, तुम्हीच ना आता कचेरीत?"

तेवीस वर्षं त्या कचेरीत असून मावशीनं एक कागद इकडचा तिकडे केला नव्हता, फक्त त्यांच्यावरची धूळ झटकली होती.

सभेत ती बोलली. घरी पन्नास वेळा घोकलेलं बोलणं सभेत तीन वाक्यांत संपलं. गाडी आमच्या दारावरून जाते. एक तास आधी पुलाशी थांबवा, मग खुशाल चौकात जाऊ दे. माझ्या सुनेला आणि वस्तीतल्या दुसऱ्या सहा जणींना ती चढण झेपत नाही.

ताईनं लगेच मान डोलावली. कुंभार म्हणाला, रास्त आहे. गवळी आणि ड्रायव्हर यांनीही माना हलवल्या. सभापतींचा चेहरा मात्र जरा उतरला. मंगळवारी रांगेत उभ्या असलेल्या बायका वेळ जात नाही म्हणून दळण घेऊन येत, आणि मंगळवार हा गिरणीचा सोन्याचा दिवस होता. मास्तरांचं म्हणणं वेगळं होतं. "जे एका जागी चाललंय ते एका जागीच चालू द्यावं. आज पूल, उद्या कोणी म्हणेल माझ्या ओसरीशी थांबवा. शिस्त राहत नाही."

"बरं, आधी चहा घेऊ," सभापती म्हणाले, "मग मत घेऊ."

समोरच्या टपरीवरून चहा आला. कप कचेरीचेच, पांढरे, निळ्या काठाचे, नऊ. चहा झाला. सगळे कप टेबलावर रिकामे झाले. आणि मावशीचा हात गेला.

नऊ कप दोन हातांत उचलण्याची तिची एक कला होती. डाव्या हाताच्या बोटांत पाच कान, उजव्या हाताच्या बोटांत चार. ती उठली, कप घेतले आणि मागच्या दारानं नळावर गेली. कोणी तिला सांगितलं नव्हतं आणि कोणी तिला थांबवलंही नाही. नळ कचेरीच्या मागे, जाड भिंतीपलीकडे. तिथं आतलं काही ऐकू येत नाही. तिनं कप विसळले, पालथे घातले, आणि फडक्याला हात पुसत आत आली तर चिटणीस वही मिटत होता.

"मावशी, झालं," तो म्हणाला.

"काय झालं?"

"मतदान."

चार बाजूनं, चार विरुद्ध. बरोबरी झाली की सभापतींचं एक मत दोन मतांचं होतं. विषय फेटाळला.

"अरेच्चा, मावशी नव्हत्या होय?" सभापती म्हणाले. ते खरंच चकित झाले होते की चकित झाल्यासारखे झाले होते, हे मावशीला आजतागायत ठरवता आलेलं नाही. ताई चिडून काहीतरी बोलत होती, की मी म्हटलं होतं थांबा म्हणून, पण मास्तर म्हणाले, उरका आता. मावशीला रडू आलं असतं, पण तेवीस वर्षं ज्या फरशीवर पाणी मारलं त्या फरशीवर रडणं तिला बरं वाटलं नाही.

चिटणीस तिच्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "नियम आहे, मावशी. फेटाळलेला विषय पुढच्या सभेत परत आणता येतो. पण एकदाच. मग वर्षभर नाही."

घरी सूनबाई पाय उशीवर ठेवून वाट बघत होती.

"झालं?"

"पडला विषय."

"पडला? आपली तर पाच मतं होती! तुम्ही, ताई, कुंभारकाका, गवळी, ड्रायव्हरकाका. कोण फुटलं?"

मावशी पाणी प्यायली. तांब्या खाली ठेवला. परत उचलून जागेवर ठेवला.

"मी नळावर होते," ती म्हणाली.

"काय करत होता नळावर?"

"कप धूत होते."

सूनबाई आठवी शिकलेली आणि जिभेची तिखट. तिनं आधी डोळे मोठे केले, मग कपाळाला हात लावला, आणि मग तिला हसू फुटलं. ती इतकी हसली, की मावशीचा नवरा बाहेरून आत आला. गवंड्याच्या हाताखाली काम करून तो नुकताच परतला होता, केसांत सिमेंट होतं.

"काय झालं?"

"बाबा, यांनी आपला विषय धुऊन पालथा घातला!"

मावशीलाही मग हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं ते आलंच. "चेष्टा करू नकोस गं," ती म्हणाली. "तुझे पाय बघितले की मला घास जात नाही. आता एकच संधी राहिली आणि माझे हात माझं ऐकत नाहीत."

सूनबाई उशीवरून पाय खाली घेत म्हणाली, "ऐकतील. ऐकवू या आपण."

दुसऱ्या दिवसापासून मावशीच्या घरात सभा भरू लागली. घरात कप चारच होते, पाच शेजारणींकडून आले, आणि कपांबरोबर शेजारणीही आल्या. भंगार गोळा करणारी जाडी वहिनी पोटाशी उशी बांधून सभापती झाली. तिच्या दोन जावा चुलतभाऊ आणि मेहुणा झाल्या. वहिनीनं डोकं खाजवलं तरी त्या दोघी हात वर करत. वस्तीतली सगळ्यात म्हातारी आजी मास्तर झाली आणि काठी आपटून "शिस्त राहत नाही, शिस्त राहत नाही" असं इतक्या वेळा म्हणाली, की तिला आवरावं लागलं. सूनबाई खाटेवर बसून चिटणीस. मावशीचा नवरा टपरीवाला.

"चहा घ्या," तो सगळ्यांपुढे रिकामे कप ठेवत म्हणे. सगळ्या जणी सुर्र सुर्र करून काही नसलेला चहा पीत. मग कप खाली ठेवत. आणि सूनबाई खणखणीत आवाजात म्हणे, "बाजूनं असतील त्यांनी हात वर करा!"

मावशीच्या हातात तोवर चार कप आलेले असत.

"आई!"

"अगं, मला कळलंच नाही!"

पहिल्या दिवशी पाच वेळा असं झालं. दुसऱ्या दिवशी तिनं हात मागे बांधले, तर उठून उभी राहिली आणि कोपरानं कप सरकवू लागली. नवऱ्यानं गंमत म्हणून एक कप मुद्दाम कलता ठेवला, तर तो सरळ केल्याशिवाय तिला श्वास घेता येईना. शेवटी मास्तर झालेल्या आजीनं काठी आपटली. "हातांवर बस की, भवाने! बुडाखाली हात घे. माझ्या सासूपुढं मी असंच बसायचे, नाहीतर एक दिली असती तिला."

आणि ते जमलं. मावशी तळहात मांड्यांखाली दाबून बसली. कप समोर होते. बोटं वळवळली, पण वर वजन होतं. सूनबाईनं "हात वर" म्हटलं तसा तिनं उजवा हात ओढून काढला आणि वर केला.

"शाब्बास! आता खाली घ्यायचा नाही. मी सांगेपर्यंत खाली घ्यायचा नाही. तुम्ही घाईनं घ्याल आणि चिटणीस मोजायचं विसरेल."

"किती वेळ?"

"मी सांगेपर्यंत."

केराचाही निकाल सूनबाईनं लावला. सभेआधी झाडायचं नाही. मावशी यावर दोन दिवस भांडली. धुळीत बसायचं कसं, खिडकीतून पाचोळा येतो, मेहुणा शेंगा खाऊन टरफलं टाकतो. शेवटी तडजोड झाली. मावशीनं फक्त स्वतःच्या खुर्चीखालचं झाडायचं.

सभा शनिवारी होती. सूनबाईला आठवा लागला होता. ती मला यायचंच आहे म्हणून हटून बसली, आणि कुंभारानं तिला आपल्या बैलगाडीत, पेंढ्यावर, मडक्यांच्या मधे बसवून वर आणलं. मंगळवारी त्याची गाडी बाजाराला जाते, नाहीतर त्यानं दर खेपेला आणलं असतं, असं तो सगळ्या रस्ताभर सांगत होता. कचेरीच्या खिडकीबाहेर कट्टा आहे, तिथं ती बसली.

मावशी आत गेली आणि पहिली बातमी चिटणीसानं दिली. "ताई येणार नाही. आई पडली म्हणून पहाटेच माहेरी गेली."

मावशीनं मनातल्या मनात मतं मोजली. ती, कुंभार, गवळी, ड्रायव्हर. चार. तिकडे सभापती, मास्तर, चुलतभाऊ, मेहुणा. चार. बरोबरी, आणि मग सभापतींचं दुसरं मत. सभापतींनीही तेच मोजलं होतं, कारण ते आज नेहमीपेक्षा गोड बोलत होते. "या मावशी, बसा, बसा." हातांवर बसायला शिकून काही उपयोग नव्हता. तरी तिनं आपल्या खुर्चीखालची जागा झाडली, कारण तेवढं ठरलं होतं. मग बसली.

दालनाची अवस्था बघण्यासारखी होती. महिनाभराची धूळ, टरफलं, खिडकीतला पाचोळा, आणि त्या सगळ्यात दाराजवळ एका खुर्चीपुरता लख्ख चौकोन. येणारा प्रत्येक सभासद त्या चौकोनाकडे बघे, मग आपल्या पायाखाली बघे, आणि बसे.

मावशीचा विषय वाचून झाला. बोलून झालं. "चहा घेऊ," सभापती म्हणाले.

टपरीवाल्यानं सवयीनं नऊ कप आणले. सभासद आठ, म्हणून नववा सभापतींनीच घेतला. मतं दोन तसे कपही दोन. चहा झाला. कप टेबलावर आले. मावशीनं तळहात मांड्यांखाली सारले आणि समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली.

कोणी उठेना. चिटणीस ती दाराएवढी वही छातीशी धरून उभा होता. टेबलावर चहाचे ओले गोल उमटले होते आणि त्या ओलीत वही उघडायची म्हणजे त्याच्या जिवावर आलं असतं. एक माशी आली, सभापतींच्या दुसऱ्या कपावर बसली. सगळे मावशीकडे बघू लागले. आधी सहज, मग जरा जास्त वेळ.

"मावशी, जरा..." सभापती म्हणाले.

"काय दादा?"

"नाही, ते... कप."

"हो," मावशी म्हणाली, "नऊ आहेत. तुमचे दोन."

खिडकीबाहेर कोणीतरी खोकल्यासारखं हसलं. मग मावशीनं एक हात काढला, स्वतःचा कप उचलला, खुर्चीखालच्या स्वच्छ चौकोनात ठेवला, आणि हात परत जागेवर नेला.

"काय पोरखेळ आहे!" मास्तर उठले. मास्तरांची बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. तेव्हापासून स्वतःचा कप ते स्वतः धूत आले होते आणि उष्टी भांडी समोर पडलेली त्यांना बघवत नसत. त्यांनी फडताळावरचा ट्रे घेतला, आठ कप एकेक करून त्यात ठेवले, टेबल खिशातल्या रुमालानं पुसलं आणि पुटपुटत मागच्या दारानं नळावर गेले.

"चला," सभापतींनी घड्याळ बघितलं, "गिरणीवर माणसं खोळंबलीत. घ्या मत."

चिटणीसानं वही उघडली. मास्तरांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. "सभापती, मास्तर अजून..."

"येतील हो ते! मागच्या खेपेसारखंच आहे सगळं. घ्या उरकून."

सभापतींनी माणसं मोजली होती ती चहाआधी. चहानंतर त्यांनी परत मोजली नाहीत. मावशीनं मात्र मोजली. चार आपली. तिकडे तीन. तिनं खिडकीकडे बघितलं तर सूनबाई गजांना धरून उभी होती, एका हाताची चार बोटं आणि दुसऱ्याची तीन दाखवत होती, आणि डोळे असे नाचत होते की काय सांगावं.

चार आणि तीन. बरोबरी नाही, दुसरं मत नाही, काही नाही. फक्त हात वर करायचा. येत्या मंगळवारी गाडी पुलाशी थांबेल.

"बाजूनं असतील त्यांनी..." चिटणीसानं सुरुवात केली.

मागच्या दाराच्या फटीतून नळाचा आवाज येत होता. मास्तर कपाच्या आतून बोट फिरवून घासत असावेत, चीं चीं असा आवाज. मावशीला तो आवाज अंगानं ओळखता येत होता. तिथं नळ सोडून उभं राहिलं की आतलं काही ऐकू येत नाही. माणूस काम करत असतो, चांगलं काम, सगळ्यांसाठी. आणि भिंतीच्या अलीकडे त्याच्याशिवाय सगळं ठरून जातं. मग हात पुसत आत यायचं आणि कोणीतरी सांगणार, झालं. महिनाभर तिच्या मनात तो शब्द सलत होता. तिला मास्तरांचा रागही होता. उरका म्हणणारे तेच होते. त्यांना चांगली अद्दल घडली असती. सूनबाईचे सुजलेले पाय तिच्या डोळ्यांपुढे आले आणि तिनं हात वर केला.

"थांबा," ती म्हणाली.

"आता काय मावशी?" सभापती वैतागले.

"मास्तर नळावर आहेत. त्यांचे हात अडकलेत. रिकामे होऊ द्या, मग मोजा."

सभापतींनी मास्तरांच्या खुर्चीकडे बघितलं, मग मनातल्या मनात मोजलं, आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. कुंभारानं हळूच "अरे देवा" म्हटलं. खिडकीबाहेर सूनबाईनं कपाळावर एवढ्या जोरात हात मारला, की आवाज आत आला. मावशीला स्वतःलाही त्या क्षणी आपण मूर्ख आहोत असं वाटलं, आणि तरी हात खाली आला नाही.

मास्तर आले. ट्रेमध्ये आठ कप पालथे, ओळीत, कान एका बाजूला. बाह्या कोपरापर्यंत वर, हातांतून पाणी ठिबकत होतं.

"कुठवर आलं?" त्यांनी विचारलं.

"थांबलोय," चिटणीस म्हणाला.

"कशासाठी?"

"तुमच्यासाठी. सभापती म्हणाले, घ्या. मावशी म्हणाल्या, मास्तरांचे हात रिकामे होऊ द्या."

मास्तरांनी ट्रे ठेवला. ते हुशार माणूस, त्यांना मोजायला वेळ लागला नाही. त्यांनी चार खुर्च्या बघितल्या, तीन बघितल्या, आपली बघितली. मग मावशीकडे बघितलं आणि तिच्या वर राहिलेल्या हाताकडे.

"चौतीस वर्षं हजेरी घेतली मी," ते म्हणाले. आवाज नेहमीचा कडकच होता, पण जरा अडखळत होता. "वर्गातलं मूल माझ्यासाठी पाणी आणायला बाहेर गेलं असलं, तर त्याची गैरहजेरी मी कधी मांडली नाही. मागच्या महिन्यात मांडली. घ्या, चिटणीस, मत घ्या."

"बाजूनं असतील त्यांनी हात वर करा."

मावशीचा वरच होता. कुंभाराचा गेला, गवळ्याचा गेला, ड्रायव्हरचा गेला. आणि मास्तरांचा ओला हात वर गेला, तसं पाणी मनगटावरून कोपराकडे ओघळलं आणि बाहीत शिरलं. त्यांनी ते पुसलं नाही.

"पाच," चिटणीस म्हणाला, आणि त्यानं पुन्हा एकदा बोट दाखवत मोजलं. "पाच. विरुद्ध?"

चुलतभाऊ आणि मेहुणा सभापतींच्या हाताकडे बघत होते. सभापतींनी हात वर केला खरा, पण त्यात काही जोर नव्हता, आणि निम्म्यावरच ते हसू लागले. वाईट माणूस नव्हता तो. "मास्तर," ते म्हणाले, "कप धुवायला तुम्हाला कोणी पाठवलं होतं हो?"

"पुढच्या खेपेला तुम्ही जा," मास्तर म्हणाले. "दोन कप पिता. आणि ही टरफलं ज्यानं टाकली त्यानं आत्ताच्या आत्ता उचलावीत."

मेहुणा खाली वाकला.

"मंजूर," चिटणीसानं लिहिलं. तो शाई वाळेपर्यंत फुंकर घालत राहिला, मग गाडीसाठीचा कागद काढून त्यावर शिक्का मारला. खुर्च्या सरकल्या. गवळी आणि ड्रायव्हर बोलत बोलत बाहेर पडले. कुंभार गाडी जुंपायला गेला. सभापती दारातून जाताना स्वच्छ चौकोनाला वळसा घालून गेले.

दालनात मावशी तेवढी राहिली. पुढ्यात शिक्का मारलेला कागद होता. ट्रेमध्ये आठ कप वाळत होते आणि नववा खुर्चीखाली होता.

"आई," खिडकीतून सूनबाई म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "मास्तर नसते वळले तर काय केलं असतं तुम्ही? जीव घेतलात माझा! आणि हात खाली घ्या आता. झालं."

मावशीनं वर बघितलं. हात अजून वरच होता.

"राहू दे गं थोडा वेळ," ती म्हणाली. "या खोलीत पहिल्यांदाच रिकामा आहे."